कोणत्या कागदानुसार?

हा भाग मी वेळणेश्वरला, घरच्या पडवीत बसून रेकॉर्ड केला. ज्यांनी तो ऐकला त्यांना मागे सतत पाऊस ऐकू आला असेल. पत्र्यावर पडणाऱ्या पावसाला थांब म्हणता येत नाही. वाचणाऱ्यांची त्यातून सुटका आहे. नेहमीप्रमाणे बोललेलं थोडं सारखं करून इथे देतोय.

विषय ऐकून काहींनी भाग पुढे ढकलला असणार, कारण विषय आहे असाइनमेंट. कॉलेजात सबमिशनच्या आदल्या रात्री जागून जे करतात ते. त्याला इतिहास असतो का? असतो. आणि त्यातला बराचसा आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातच सापडतो.

निमित्त असं झालं. आमच्या गावात इंजिनिअरिंग कॉलेज आहे, महर्षी परशुराम यांच्या नावाचं. तिथला एक मुलगा माझ्या पुतण्याचा मित्र. एका संध्याकाळी लाइट गेलेली, लॅपटॉपची बॅटरी संपलेली, म्हणून हा जेवायला आमच्याकडे आला आणि वैतागून म्हणाला, “काका, आधी प्रमाणपत्र, मग ऋणनिर्देश, मग अनुक्रमणिका, मग प्रस्तावना, शेवटी संदर्भ. डावीकडे दीड इंच समास. हे सगळं ठरवलं कोणी? आणि नाही पाळलं तर बिघडतं काय?”

पहिल्या प्रश्नाचं उत्तर इतिहासात आहे. दुसऱ्याचं माझ्याकडेच होतं, आणि ते काही मिरवण्यासारखं नाही. तेच आधी सांगतो.

मी इतिहासात एम.ए. केलं ते बाहेरून, नोकरी सांभाळत. विद्यापीठ कोणतं ते राहू दे. शेवटी एक छोटा प्रबंध लिहायचा होता. मी विषय घेतला आपल्या किनाऱ्यावरच्या माडांच्या बागा आणि त्यांच्यावरून झालेली भांडणं. शेजारच्या वाडीत एक आजी होत्या. त्यांच्या ट्रंकेत जुने कागद होते. मी तेव्हा नुकताच मोडीचा वर्ग केला होता, म्हणजे अक्षरं लागत होती, पण धाप लागत होती. त्यातला एक कागद दोन भावांच्या बागेच्या वादाचा होता. गोत जमलं, दोघांचं ऐकलं, माड वाटून दिले. खाली एकाने सही म्हणून नांगर काढलेला. मला इतका आनंद झाला की मी तो कागद हातात धरून नुसता बघतच बसलो.

आणि प्रबंधात काय लिहिलं? “एका जुन्या कागदानुसार हा वाद गोतसभेत मिटला.” बस. एवढंच.

प्रबंध परत आला. त्या वाक्यासमोर समासात पेन्सिलीने लिहिलं होतं, “कोणत्या कागदानुसार?” मला राग आला. मी डोळ्यांनी पाहिलाय म्हटलं! दुसऱ्या दिवाळीत आजींकडे गेलो, कागदाचा फोटो काढायला. त्या म्हणाल्या, “अरे, त्या पावसात कोपरा गळला ना. ट्रंकेत लगदा झाला नुसता. वास मारायला लागला तेव्हा टाकून दिलं सगळं.” मी कागदावरची तारीख टिपली नव्हती. मोजणारे कोण होते, किती माड कोणाला, काहीच नाही. ते वाक्य मला खोडावं लागलं. त्या दोन भावांचा वाद आता कुठेच नाही. तसा तो माझ्या डोक्यात आहे, पण त्याला पुरावा म्हणत नाहीत.

आता यातली बोचणारी गोष्ट सांगतो. जो कागद मी ढिसाळपणे वापरला, तो स्वतः अजिबात ढिसाळ नव्हता.

असल्या कागदाला महजर म्हणतात. गावात वतनाचा, जमिनीचा, मानपानाचा वाद झाला की गोत किंवा पंचायत बसायची आणि निवाड्याचा महजर व्हायचा. वर तिथी आणि साल. त्याखाली ‘हाजिर मजालसी’, म्हणजे बैठकीला कोण कोण हजर होतं त्यांची नावं, हुद्द्यासकट. मग वाद काय आहे. मग वादीची तकरीर, मग प्रतिवादीची तकरीर, म्हणजे दोघांचं म्हणणं त्यांच्या बाजूने. निवाडा मान्य करू असं दोघांनी आधी लिहून दिलेलं असायचं, त्याला राजीनामा म्हणत. (हो, तोच शब्द. आज राजीनामा म्हणजे सोडून जाणं, तेव्हा राजी होऊन थांबणं. शब्द कुठून कुठे जातात बघा.) मग साक्षी, असलेले जुने कागद, आणि शेवटी निर्णय. खाली सह्या. ज्याला लिहिता येत नाही तो आपल्या कामाची निशाणी करायचा. कुणबी असेल तर नांगर. कागद पुरला नाही तर दुसरा चिकटवायचे आणि जोडावर शिक्का मारायचे, मधला तुकडा कोणी बदलू नये म्हणून. सरकारी पत्रात मजकूर जिथे संपला तिथेच मोर्तब, म्हणजे पुढे कोणाला एक ओळही घुसडता येऊ नये.

हे मी त्या मुलाला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, “म्हणजे पान क्रमांक घालतात तसंच.” अगदी तसंच. पान क्रमांक हा सजावटीचा भाग नाही, मधलं पान कोणी काढलं तर कळावं म्हणून तो असतो. प्रमाणपत्राचं पान म्हणजे हाजिर मजालसी. प्रस्तावना म्हणजे वाद काय आहे ते. आणि संदर्भसूची म्हणजे साक्षी. आपल्या खापरपणज्यांना दीड इंच समास माहीत नव्हता, पण ‘कशावरून?’ हा प्रश्न पक्का माहीत होता.

सगळेच मोडी कागद असे काटेकोर होते असं मात्र समजू नका. रोजच्या पत्रव्यवहारात चंद्राची तारीख आणि मुसलमानी महिना घालतात, पण साल बऱ्याचदा घालतच नाहीत, कारण घेणाऱ्याला कोणतं साल चालू आहे ते माहीत असायचंच. त्याची शिक्षा दोन-दोनशे वर्षांनी आम्हाला. आतल्या मजकुरावरून साल शोधत बसा. वि. का. राजवाड्यांनी १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला आणि असे बावीस खंड काढले. त्यांना ही डोकेदुखी जितकी माहीत होती तितकी क्वचितच कोणाला असेल. प्रत्येक पत्राला अनुक्रमांक, जमेल तशी तारीख, आणि मग खंडाला लांबच लांब प्रस्तावना. त्यांचा स्वभाव तापट, मतं टोकाची, काही मतं आज टिकत नाहीत. पण पत्रं छापलेली आहेत, क्रमांकासकट, त्यामुळे राजवाडे चुकले हे सुद्धा आपल्याला राजवाड्यांच्याच पुस्तकातून दाखवता येतं. मला तर हा त्यांचा सगळ्यात मोठा गुण वाटतो.

हा झाला कचेरीचा ढाचा. शास्त्रकारांचा वेगळा होता, आणि जास्त चोख.

जुन्या संस्कृत ग्रंथाच्या सुरुवातीला चार गोष्टी सांगायची पद्धत होती. विषय काय, प्रयोजन काय, विषयाचा आणि ग्रंथाचा संबंध काय, आणि हे वाचायचा अधिकारी कोण. याला अनुबंधचतुष्टय म्हणतात. आता कुठल्याही कॉलेजच्या प्रोजेक्टची प्रस्तावना उघडा. विषय, उद्दिष्टे, व्याप्ती, कोणाला उपयोग. नावं बदलली इतकंच. मीमांसकांनी एकेका प्रश्नाच्या चर्चेला ‘अधिकरण’ म्हटलं आणि त्याची अंगं ठरवली: विषय, संशय, पूर्वपक्ष, उत्तरपक्ष, निर्णय. यातला पूर्वपक्ष मला फार आवडतो. समोरच्याचं म्हणणं आधी मांडायचं, तेही त्याला पटेल इतक्या ताकदीने, आणि मगच खोडायचं. आपल्याकडे आज ‘संदर्भ साहित्याचा आढावा’ नावाचं प्रकरण असतं ना, त्यात मुलं दहा पुस्तकांची नावं आणि प्रत्येकाखाली तीन ओळी लिहितात. ते पूर्वपक्षाचं भूत आहे. आत जीव नाही.

आणि कौटिल्याचं अर्थशास्त्र! त्याचा पहिलाच अध्याय म्हणजे अनुक्रमणिका. पंधरा अधिकरणं, दीडशे अध्याय, एकशे ऐंशी प्रकरणं, असा हिशेब तिथेच मांडून ठेवलाय. शेवटचं, पंधरावं अधिकरण तर त्याहून गमतीचं. त्यात बत्तीस ‘तंत्रयुक्ती’ सांगितल्यात, म्हणजे ग्रंथ रचण्याच्या क्लृप्त्या, आणि प्रत्येकीचं उदाहरण याच ग्रंथातलं दिलंय. एक युक्ती ‘विधान’, म्हणजे प्रकरणांचा क्रम सांगणं. एक ‘अपदेश’, म्हणजे ‘अमुक असं म्हणतो’ असं दुसऱ्याचं मत त्याच्या नावाने देणं. ‘स्वसंज्ञा’, आपण केलेला शब्द आपलाच आहे हे सांगणं. ‘अनागतावेक्षण’, हे पुढे येईल. ‘अतिक्रांतावेक्षण’, हे मागे आलंय. मुलाने बत्तीसचा आकडा ऐकून कपाळाला हात लावला. त्याच्या कॉलेजच्या सूचनापत्रात बहुधा एवढे मुद्दे नसावेत.

‘निबंध’ हा शब्दही तिथलाच. शाळेत आपण ‘माझा आवडता ऋतू’ लिहिला त्याला निबंध म्हणतो. पण धर्मशास्त्रात निबंध म्हणजे बांधलेला ग्रंथ: एका विषयावरची निरनिराळ्या स्मृतींची, पुराणांची वचनं जमवून, त्यांची संगती लावून निर्णय देणारा. कमलाकरभट्टाचा निर्णयसिंधू हा असाच, १६१२ चा. वचन कोणाचं ते सांगितल्याशिवाय निबंधकार पुढे जात नाही. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७४ मध्ये ‘निबंधमाला’ सुरू केली तेव्हापासून मराठीत त्या शब्दाला लेखकाचं मत, लेखकाची शैली असा वास यायला लागला. चांगलंच झालं, गद्य झळाळलं. पण जमवणं आणि बांधणं हा जुना अर्थ मात्र मागे पडला.

मग बखरीचं काय, असं कोणी विचारेल. कृष्णाजी अनंत सभासदाने जिंजीला राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून शिवाजी महाराजांचं चरित्र लिहिलं ते १६९७ मध्ये. कोणी सांगितलं, का लिहिलं हे आहे. प्रत्येक हकीकत कशावरून, ते नाही. त्याला ते लागतही नव्हतं, तो स्वतःच त्या काळातला माणूस. योगायोग असा की त्याच १६९७ च्या तारखेने युरोपात पिएर बेल नावाच्या फ्रेंच विद्वानाचा कोश निघाला, ज्यात मजकूर पानाच्या वर पातळ आणि खाली टिपांचा डोंगर. जिंजीच्या वेढ्यात बसून तळटीप लिहायला कोणाला सवड असणार, हेही खरं.

मधला एक टप्पा भरकन सांगतो, नाहीतर भाग दीड तासाचा होईल. मोडीत आधी पानभर आडवी रेघ ओढायची आणि तिच्याखाली अक्षरं लोंबकळत ठेवायची. शब्द सुटे नाहीत, स्वल्पविराम नाही, परिच्छेद नाही. पोथीत दंड असतो, पण तोही कंजूषपणे. मराठीत विरामचिन्हं रुळवली ती मेजर थॉमस कँडी यांनी, एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला, शाळेच्या पुस्तकांमधून. हेच ते कँडी, मोल्सवर्थच्या कोशातले. दादोबा पांडुरंगांचं व्याकरण १८३६ चं. छापखाना, व्याकरण, विरामचिन्हं, शाळेची तपासणी, हे सगळं तीस-चाळीस वर्षांत एकावर एक आलं आणि १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ निघालं. आज आपण परिच्छेद पाडतो तेव्हा ते आपल्याला श्वासाइतकं नैसर्गिक वाटतं. तसं ते नाही. कोणीतरी शिकवलं म्हणून आलं.

आता जिथे थांबायचं तिथे थांबू. पेढे.

चिपळूणजवळ परशुरामाच्या डोंगराच्या पायथ्याला पेढे गाव आहे. गावातल्या कॉलेजला ज्याचं नाव, त्याच परशुरामाचा डोंगर. तिथे ७ मे १८८० ला पांडुरंग वामन काणे जन्मले. दापोलीत शिकले, पुढे काही काळ रत्नागिरीच्या सरकारी शाळेत मास्तर होते, मग मुंबईत वकिली. त्यांना ‘व्यवहारमयूख’ नावाच्या जुन्या ग्रंथाची आवृत्ती काढायची होती. तिला प्रस्तावना म्हणून धर्मशास्त्राच्या इतिहासावर एक प्रकरण लिहावं असं त्यांच्या मनात आलं. त्या प्रकरणाचं काय झालं? ‘हिस्टरी ऑफ धर्मशास्त्र’. पहिला खंड १९३०, पाचवा १९६२ ला पुरा. साडेसहा हजारांवर पानं. १९६३ मध्ये भारतरत्न. प्रस्तावना लांबली असं प्रोजेक्टवाली मुलं म्हणतात तेव्हा मला काणे आठवतात.

पण मी खंडांची लांबी सांगायला थांबलो नाही. त्यातलं कुठलंही पान उघडा. वर इंग्रजीत मजकूर. खाली बारीक टाइपात, देवनागरीत, मूळ संस्कृत वचन, ग्रंथाचं नाव, अध्याय, श्लोक. काही पानांवर वरचा मजकूर चार बोटं आणि खालच्या टिपा वीतभर. सुरुवातीला संक्षेपांची यादी, प्रकरणांचा सारांश, ग्रंथांचा कालानुक्रम. सोवळं, विधवा, अस्पृश्यता, श्राद्ध, असल्या विषयांवर लिहायचं म्हणजे गावोगाव भांडणं. शास्त्रात आहे म्हणणारे आणि नाही म्हणणारे, दोघांच्याही तोंडी शास्त्र. काण्यांनी काय केलं, तर वचन खाली ठेवून दिलं. तुम्हाला पटो न पटो, वाचा आणि भांडा. त्यांचं मत नको असेल तर वरचा भाग झाकून नुसत्या टिपा वापरा, तरी ग्रंथ उपयोगी. असं पान मांडायला मन मोठं लागतं, कारण लेखक स्वतःच्या हाताने आपल्या विरोधकाला हत्यार देतो.

पुण्यात भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती केली, १९१९ ते १९६६. तिथे तर एक खूण मला विलक्षण वाटते. संपादकांना एखाद्या पाठाची खात्री नसेल तर त्या अक्षरांखाली नागमोडी रेघ आहे. सुखटणकरांसारखा माणूस, जगभरच्या पंडितांसमोर, छापील पानावर सांगतो की इथे मला खात्री नाही. आमच्याकडे प्रोजेक्टमध्ये ‘मर्यादा’ नावाचं एक पान असतं, आणि तिथे सगळे लिहितात ‘वेळेचा अभाव’.

आता आमच्या तालुक्यातल्या माणसाकडे येतो. कोतळूक, तालुका गुहागर. गोपाळ कृष्ण गोखले तिथे १८६६ मध्ये जन्मले. शाळेतली त्यांची गोष्ट सगळ्यांना माहीत असते: गुरुजींनी घरच्या गणितांबद्दल शाबासकी दिली आणि पोरगा रडायला लागला, म्हणाला हे मी एकट्याने सोडवलेलं नाही, मदत घेतली. खरी असो वा नसो, गोष्ट म्हणून सांगितली जाते. पण माझ्या मते गोखल्यांची खरी परीक्षा पुढे झाली, १८९७ मध्ये, आणि ती पुस्तकात फारशी येत नाही.

त्या वर्षी ते इंग्लंडला गेले, वेल्बी कमिशनपुढे साक्ष द्यायला. हिंदुस्थान सरकारच्या खर्चाची चौकशी करणारं कमिशन. गोखल्यांचं वय एकतीसही पूर्ण नव्हतं. त्यांनी लेखी निवेदन नेलं होतं. आकडे जमवायला गणेश व्यंकटेश जोशींची मदत, वळण रानड्यांच्या हाताखालचं. विषयवार मांडणी: खर्चावर ताबा कोणाचा, खर्च कसा वाढत गेला, त्याचा बोजा कोणावर. आकडे बहुतेक सरकारच्याच कागदांतले. त्यामुळे उलटतपासणीत समोरचे साहेब आकडा खोटा म्हणायला गेले तर त्यांना स्वतःचंच दप्तर खोटं म्हणावं लागलं असतं. ते निवेदन टिकलं. आजही अर्थशास्त्राचे अभ्यासक वाचतात.

आणि त्याच मुक्कामात दुसरी गोष्ट घडली. पुण्यात प्लेग होता. रँडच्या हाताखाली गोरे शिपाई घरं तपासत होते, लोक संतापलेले. पुण्याहून गोखल्यांना मित्रांची पत्रं गेली, त्यात शिपायांनी स्त्रियांवर अत्याचार केल्याचं लिहिलेलं. गोखल्यांनी ते ‘मँचेस्टर गार्डियन’ला सांगितलं. इकडे २२ जूनच्या रात्री रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या, वातावरण पेटलेलं. पार्लमेंटपर्यंत प्रश्न गेला आणि सरकारने विचारलं, पुरावा द्या. गोखले परत आले आणि पाहतात तो पुढे यायला कोणी तयार नाही. ज्यांनी पत्रं लिहिली त्यांची नावं सांगितली असती तर त्या धरपकडीच्या दिवसांत त्यांचं काय झालं असतं, सांगायला नको. गोखल्यांनी नावं सांगितली नाहीत. विधान मागे घेतलं आणि जाहीर, बिनशर्त माफी मागितली. इथल्या लोकांनी भ्याड म्हटलं, सरकारने खोटारडा धरलं.

एकच माणूस. एकच प्रवास. एक मजकूर आकड्यागणिक आधार दाखवू शकला, दुसरा दाखवू शकला नाही. म्हणून दुसरा खोटा होता का? मला तसं म्हणवत नाही. साक्षीदार पुढे आला नाही म्हणजे घटना घडली नाही असं होत नाही. घाबरलेल्या शहरात तर मुळीच नाही. पण छापून गेल्यावर ‘कशावरून?’ असं विचारणारा तुमची अडचण ऐकून घेत नाही. समासातली माझी पेन्सिल फार मऊ होती म्हणायची.

कागदाचा आकार, समास वगैरे राहिलं, ते दोन मिनिटांत. ए-फोर कागद जर्मनीत १९२२ मध्ये प्रमाण ठरला; अर्धा दुमडला तरी उंची-रुंदीचं प्रमाण तेच राहतं ही त्याची करामत. त्याआधी आपल्याकडे फुलस्केप, अजून कोर्टाच्या बाहेर मिळतो. डावीकडचा जास्तीचा समास बाइंडिंगसाठी, दुसरं काही गूढ नाही. प्रबंध कसा टाइप करायचा याची पुस्तिका शिकागो विद्यापीठातल्या केट टुराबियन या बाईंनी १९३७ मध्ये केली. त्या प्राध्यापक नव्हत्या, प्रबंध तपासणाऱ्या सचिव होत्या. रोज तेच तेच दुरुस्त करून कंटाळल्या असणार. आणि मराठीत टाइप करणाऱ्यांना एक विनवणी: युनिकोडमध्येच करा. माझा पहिला मसुदा जुन्या फॉन्टमध्ये होता. झेरॉक्सवाल्याच्या कॉम्प्युटरवर तो फॉन्ट नव्हता. ‘प्रकरण पहिले’च्या जागी कंस, टक्के आणि उद्गारचिन्हांची रांगोळी निघाली, आणि मी ती दोन प्रतींत छापून घेतल्यावर मला कळलं.

लाइट आली तेव्हा त्या मुलाने रिपोर्ट दाखवला. गट चार जणांचा. आसपासच्या विहिरींच्या पाण्यात खारटपणा किती, यावर. कामाचा विषय आहे. समुद्राकाठी राहणाऱ्याला त्याचं महत्त्व सांगावं लागत नाही. तक्ता सुबक, आलेख रंगीत. तक्त्यात लिहिलेलं, ‘स्थानिक विहीर क्र. ३’. आकडा इतरांपेक्षा बराच वर.

मी म्हटलं, “कोणती विहीर?”

तो म्हणाला, “ती… खालच्या वाटेवरची बहुतेक. मित्र गेला होता.”

“पाणी कधी घेतलं? पावसाआधी की नंतर?”

त्याने मित्राला फोन लावला. मित्रालाही आठवेना. दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं छत्री घेऊन, हातात बाटल्या घेऊन निघालेले मी पाहिले. दुपारी परत आला तो नवीनच अडचण घेऊन. विहीर सापडली होती. मालकांनी पाणीही घेऊ दिलं. पण ते पर्यटकांना खोल्या देतात. म्हणाले, “बाळा, माझ्या विहिरीचं पाणी खारट असं तू लिहिलंस तर उद्या माझ्याकडे राहायला कोण येईल? नाव घालू नकोस.”

आता? माझ्याकडे तयार उत्तर नव्हतं. नाव घातलं तर त्या माणसाचं पोट, नाही घातलं तर आकडा अधांतरी. आम्ही तिघं पडवीत बराच वेळ बसलो. मी गोखल्यांची गोष्ट तेव्हाच त्यांना सांगितली. शेवटी त्यांनी आपल्या मॅडमना विचारलं आणि असं ठरलं: रिपोर्टमध्ये विहिरीला फक्त क्रमांक. पण समुद्रापासूनचं अंतर, पाण्याची खोली, पाणी घेतल्याची तारीख आणि वेळ, पाऊस चालू की बंद, कोणत्या उपकरणाने मोजलं, हे प्रत्येक क्रमांकापुढे. पद्धतीच्या प्रकरणात एक वाक्य, की मालकांच्या विनंतीवरून नावं दिलेली नाहीत. आणि नावांची यादी बंद पाकिटात मॅडमकडे. कोणाला तपासायचंच असेल तर त्यांच्यामार्फत, मालकाला विचारून. ‘मर्यादा’ या पानावरचं ‘वेळेचा अभाव’ त्याने खोडलं आणि तिथे लिहिलं की पहिली मोजणी कोणत्या दिवशी झाली याची नोंद ठेवलेली नव्हती, म्हणून ती वापरलेली नाही.

क्रमांक ३ चा नवा आकडा आधीपेक्षा बराच कमी निघाला, कारण मध्ये पाऊस झाला होता. आलेख परत काढावा लागला. सबमिशन एक दिवस उशिरा गेलं.

पुढचा भाग मोडीतल्या निशाण्यांवर करायचा विचार आहे. नांगर, तागडी, कट्यार. कोणाच्या घरी असा कागद असेल तर कळवा. पण त्याआधी, ट्रंक उघडलीच असेल तर, मोबाइलवर त्याचा फोटो काढून ठेवा, तारखेची ओळ स्पष्ट येईल असा. छपराचा कोपराही एकदा बघून घ्या.